बीसीएल११एचा हिमोग्लोबिन एफशी संबंध स्वच्छ दिसतो, पण रक्तातल्या आरएनएत ईक्यूटीएल शून्य. गडबड कुठे?

पांडवकडा, खारघर

नमस्कार. हिमोग्लोबिन एफ म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन, बीसीएल११ए हा ते बंद ठेवणारा जीन, आणि ईक्यूटीएल म्हणजे जीनचा आरएनए किती बनतो हे बदलणारा डीएनएतला फरक. प्रश्न लांब आहे, पण आकडे आधीच दिले तर उत्तर देणाऱ्यांना उलट विचारत बसावं लागणार नाही.

शहापूर, मुरबाड आणि जव्हारकडच्या सिकलसेलच्या, म्हणजे एसएस (सिकलचा जीन दोन्ही प्रतींत) असलेल्या, १४२ रुग्णांचा डेटा आहे. सगळे ५ वर्षांच्या वरचे. जीनोटाइप चिपवर करून नंतर इम्प्युटेशन, म्हणजे चिपवर नसलेल्या जागांचा संगणकी अंदाज. हिमोग्लोबिन एफ एचपीएलसीवर मोजलेलं. त्याच वेळी पॅक्सजीन (आरएनए टिकवणाऱ्या) ट्यूबमध्ये घेतलेल्या रक्तातून आरएनए सीक्वेन्सिंग, नमुन्यामागे ३ कोटी रीड-जोड्या. लायब्ररी करण्याआधी ग्लोबिनचा एमआरएनए काढून टाकलेला आहे.

बीसीएल११ए जीनच्या दुसऱ्या इंट्रॉनमधला आरएस१४२७४०७ हा फरक घेतला तर टी अलील (त्या जागी टी हे अक्षर) असलेल्यांचं एफ जास्त भरतं. प्रसिद्ध अभ्यासांत जी दिशा आहे तीच. पण त्याच अलीलचा बीसीएल११एच्या आरएनएशी संबंध पाहिला तर रेघ सपाट. जीनच्या दोन्ही बाजूंना १० लाख बेसची खिडकी, ५ जीनोटाइप पीसी (वंशावळीचा फरक काढायला), १५ पीईईआर घटक (आरएनएतली छुपी चढउतार काढायला), सगळं नेहमीसारखं. बाकीच्या जीन्सचे ईक्यूटीएल बऱ्यापैकी मिळतात, म्हणजे पाइपलाइन पूर्ण मोडलेली नाही.

आणखी एक. एचबीजी१ आणि एचबीजी२, म्हणजे एफसाठी लागणारे गॅमा ग्लोबिनचे जीन, यांचे काउंट कित्येक नमुन्यांत शून्याला टेकलेत. ज्यांचं एफ २० टक्के आहे त्यांचेही.

जनुकातला फरक गुणधर्म बदलतो तो जीनचं प्रमाण बदलून, असं आपण धरून चालतो. मग मधली कडी कुठे गेली? १४२ नमुने कमी पडले म्हणायचे, की डेटा फेकून द्यायचा?

---

येऊर, ठाणे पश्चिम

डेटा फेकू नका. तुमचा निकाल बहुधा खरा आहे, फक्त तो वेगळ्या पेशीबद्दल बोलतोय.

हातातून काढलेल्या रक्तात बीसीएल११एचा आरएनए येतो तो मुख्यतः बी लिम्फोसाइट आणि प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक पेशींतून. या जीनची ओळखच मुळात बी पेशींच्या लिम्फोमातून झाली, नावातही ते आहे. आरएस१४२७४०७ ज्या एन्हान्सरमध्ये (जीनचं काम वाढवणाऱ्या डीएनएच्या भागात) बसतो तो मात्र तांबड्या पेशींच्या पूर्वजांतच, म्हणजे अस्थिमज्जेतल्या एरिथ्रोब्लास्टमध्ये, उघडा असतो. जीन सुरू होते तिथून ५५, ५८ आणि ६२ हजार बेसवर या एन्हान्सरचे तीन तुकडे आहेत. तुमचा फरक ६२ वाल्या तुकड्यात येतो. २०१३ साली हे काम झालं तेव्हा एन्हान्सर काढून टाकल्यावर एरिथ्रॉइड पेशींत बीसीएल११ए कोसळला आणि बी पेशींत तसाच राहिला. तेव्हा बी पेशींचा आरएनए मोजून या अलीलचा परिणाम शोधणं म्हणजे स्वयंपाकघरातला दिवा गेला की नाही हे ओसरीत बसून पाहणं.

रक्तात तांबड्या पेशी ढीगभर असतात हे खरं, पण त्यांना केंद्रक नाही. रेटिक्युलोसाइटमध्ये, म्हणजे कोवळ्या तांबड्या पेशींत, जो उरलासुरला आरएनए असतो तो बहुतेक ग्लोबिनचाच. त्यामुळे नमुने १४२ चे १४०० केले तरी हा प्रश्न सुटणार नाही. जीटीईएक्स या सार्वजनिक ईक्यूटीएल संग्रहाच्या आठव्या आवृत्तीत पूर्ण रक्ताचे ६७० नमुने आहेत, रक्ताचाच ईक्यूटीएलजेन संग्रह तर ३१,६८४ जणांवर आहे. पण संख्या वाढली म्हणून पेशी बदलत नाही.

आता साखळी एकदा पूर्ण पाहू, कारण मधली प्रत्येक कडी वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. जी ऐवजी टी आला की गाटा१ आणि टाल१ या प्रथिनांची तिथली पकड ढिली होते. एन्हान्सर कमजोर पडतो, बीसीएल११ए थोडा कमी बनतो. हे सगळं गुणसूत्र २ वर. बीसीएल११ए प्रथिन मग गुणसूत्र ११ वर जाऊन गॅमा ग्लोबिनच्या प्रमोटरवर (जीन सुरू करणाऱ्या भागावर), जीनच्या सुरुवातीच्या ११५ बेस आधी असलेल्या टीजीएसीसीए या खुणेवर बसतं आणि जीन बंद करतं. तेच कमी असेल तर गॅमा चालू राहतो. त्याच प्रमोटरवर २०० बेस आधी झेडबीटीबी७ए नावाचं दुसरं प्रथिन बसतं, तेही बंदच करायला. वरून केएलएफ१ बीसीएल११एला चालना देतो, आणि केएलएफ१ला एमवायबी. म्हणजे एमवायबीजवळचा फरक, केएलएफ१मधला फरक आणि तुमचा फरक, तिन्ही वेगवेगळ्या गुणसूत्रांवरून निघून एकाच दारात येतात.

शेवटची कडी लोक विसरतात. तुम्ही एचपीएलसीवर मोजता ते टक्के म्हणजे नुसतं उत्पादन नव्हे. सिकलसेलमध्ये एफ असलेली पेशी जास्त दिवस जगते, नसलेली लवकर फुटते. तेव्हा रक्तातलं एफ म्हणजे उत्पादन आणि जगण्याची मुदत यांचा गुणाकार. अल्फा थॅलेसेमियाची ३.७ किलोबेसची डिलीशन आदिवासी समाजांत बरीच आढळते. ती या मुदतीत हात घालते, आणि चिपवर भरवशाने दिसत नाही. गॅप पीसीआर करून ती कोव्हेरिएट (मॉडेलमध्ये धरायचा इतर घटक) म्हणून घ्या. हायड्रॉक्सीयुरिया (एफ वाढवणारं औषध) घेणारे वेगळे ठेवा, आणि मागच्या तीन महिन्यांत रक्त चढवलेले वगळा, कारण दात्याच्या हिमोग्लोबिन ए मुळे टक्केवारी पातळ होते. एफचं वितरण एका बाजूला झुकलेलं असतं, तेव्हा लॉग किंवा घनमूळ घेऊनच रिग्रेशन चालवा.

---

पारसिक, कळवा

येऊर सरांनी मुख्य मुद्दा सांगितलाच. मी एचबीजीच्या शून्यावर येतो, कारण तिथे दोन वेगळ्या गोष्टी एकावर एक चढल्यात.

पहिली: ग्लोबिन काढून टाकलंत आणि मग ग्लोबिन मोजताय. पूर्ण रक्ताच्या एमआरएनएत ग्लोबिनचा वाटा ७० टक्क्यांपर्यंत जातो, म्हणून ते काढणं बाकीच्या जीन्ससाठी योग्यच आहे. सिकलसेलमध्ये रेटिक्युलोसाइट जास्त असल्याने तर अधिकच. पण काही किटमधले प्रोब अल्फा-बीटापुरते असतात, काहींत गॅमाही धरला जातो, आणि गॅमा-बीटाचा क्रम इतका मिळताजुळता आहे की बीटाचा प्रोब गॅमालाही थोडाफार ओढतो. किती ओढला हे नमुन्यागणिक बदलतं. ते आकडे कोणत्याही विश्लेषणात घेऊ नका, दुरुस्ती करूनही नाही. एचबीजी हवा असेल तर ग्लोबिन काढण्याआधीच्या आरएनएवर वेगळा क्यूपीसीआर.

दुसरी: एचबीजी१ आणि एचबीजी२ जवळजवळ जुळे आहेत. प्रथिनात फरक एकाच अमिनो आम्लाचा, १३६ व्या जागी एकात ॲलॅनिन, दुसऱ्यात ग्लायसीन. त्यामुळे रीड दोन्हीकडे सारखाच बसतो, आणि एकाच जागी बसणारे रीड मोजा असं काउंटरला सांगितलंत की दोन्हीकडचा रीड फेकला जातो. एफ २० टक्के असून काउंट शून्य, याचं निम्मं उत्तर इथे आहे. बॅम फाइल उघडून एचबीजी२ च्या जागी मॅपिंग क्वालिटी (रीड नेमक्या जागी बसल्याची खात्री) पाहा, रीडच्या राशी पडलेल्या असतील पण दर्जा शून्य ते तीनच्या घरात. दोन्ही जीन्स मिळून एक समजून मोजता येतं.

आता वाहतूक. हा विषय कुणी मेथड्समध्ये नीट लिहीत नाही आणि बॅचचे निम्मे घोळ इथूनच येतात. पॅक्सजीनमध्ये रक्त बरोबर २.५ मिली गेलं पाहिजे. ट्यूबमधलं द्रावण त्या मापाला जुळवलेलं असतं. लहान मुलाची शीर सापडली नाही म्हणून दीड मिलीवर थांबलं की प्रमाण बिघडतं. लगेच ८ ते १० वेळा उलटसुलट करायची, हलवून फेस आणायचा नाही. मग खोलीच्या तापमानाला किमान २ तास उभी. आरएनए टिकतो ३ दिवस, पण १८ ते २५ अंशांना. एप्रिल-मेमध्ये मुरबाडच्या आरोग्य केंद्रातली खोली २५ ला कधीच नसते, आणि शिळफाट्याला गाडी अडकली तर डिकीतलं तापमान त्याहून वर. दोन तास उभी ठेवून झाली की थंड पेटीत २ ते ८ अंशांना घाला, तिथे ५ दिवस मिळतात. गोठवताना आधी उणे २० ला एक दिवस तारेच्या रॅकमध्ये, मग उणे ८०. थर्माकोलच्या रॅकमध्ये गोठवलेल्या ट्यूब तडकतात.

तुमच्याकडे गावं तीन आणि अंतरं वेगवेगळी. गावागणिक समाजही थोडा वेगळा, म्हणजे अलीलचं प्रमाणही वेगळं. वाहतुकीचे तास आणि वंशावळ इथे एकमेकांत गुंततात. रक्त काढल्यापासून गोठवेपर्यंतचे तास कोव्हेरिएटमध्ये टाका, आणि फॉस, जून, ईजीआर१ हे जीन्स त्या तासांबरोबर चढतात का ते पाहा. चढत असतील तर त्या ट्यूब संशयित.

नातेसंबंध तपासलेत का? छोट्या वाड्यांतून १४२ घेतले तर त्यात मामा-भाचे, चुलत भावंडं असणारच. किंग हा नाती मोजणारा प्रोग्रॅम चालवा. किनशिप ०.१७७ च्या वर पहिल्या पायरीचं नातं, ०.०८८४ च्या वर दुसऱ्या. नुसते पीसी घेऊन हे जात नाही, मिक्स्ड मॉडेल लागतं.

आणि ट्यूबांची अदलाबदल. एक्सआयएसटी (बायकांत चालू) आणि आरपीएस४वाय१ (पुरुषांत चालू) यांचा आलेख काढून लिंग जुळतं का बघा, मग आरएनएतले एसएनपी (एका अक्षराचे फरक) जीनोटाइपशी जुळवा. १४२ मध्ये ३-४ अदलाबदली निघाल्या तर आश्चर्य वाटू नये, पण त्या न काढता पुढे गेलात तर कमकुवत ईक्यूटीएल आधी मरतात.

---

पांडवकडा, खारघर

दोघांचेही मनापासून आभार. मॅपिंग क्वालिटी पाहिली, एचबीजीवरचे बहुतेक रीड ० आणि ३ चेच आहेत. तासांची नोंद रजिस्टरमध्ये आहे, ती आता टाइप करून घेतोय. हायड्रॉक्सीयुरियाची नोंदही आहे.

तीन उपप्रश्न. एचबीजी२ च्या १५८ बेस आधीचा एक्समन१ फरक भारतीय सिकलसेलमध्ये एफ वाढवतो असं सगळीकडे वाचतो, आमच्याकडे मात्र त्याचा काडीचा संबंध दिसत नाही. दुसरं, एमवायबीजवळच्या जागेचा संबंध दिसतो, पण जवळचा जीन एचबीएस१एल आहे, मग कुणाला धरायचं? तिसरं, रक्तातले ट्रान्स परिणाम (दूरच्या जीन्सवर होणारे) शोधायला पीईईआर घटक वाढवू का?

---

येऊर, ठाणे पश्चिम

एक्समन१चं उत्तर तुमच्या अलील-प्रमाणात आहे, ते काढून बघा. भारतात सिकलचा जीन मुख्यतः अरब-इंडियन हॅप्लोटाइपवर (एकत्र वारशाने येणाऱ्या फरकांच्या संचावर) बसलेला आहे आणि तो हॅप्लोटाइप एक्समन१चा टी अलील सोबतच घेऊन येतो. रुग्ण एसएस म्हणजे दोन्ही प्रती त्याच, म्हणजे जवळजवळ सगळेच टीटी. जिथे फरकच नाही तिथे संबंध मोजणार कशाचा? आपल्याकडच्या रुग्णांचं सरासरी एफ आफ्रिकेतल्या बेनिन हॅप्लोटाइपवाल्यांपेक्षा बरंच वर असतं, त्यामागे हा हॅप्लोटाइप आहेच. परिणाम मोठा असूनही जीवासमध्ये (पूर्ण जीनोमच्या संबंध-चाचणीत) तो दिसत नाही, कारण जीवास मोजतं ते नमुन्यातल्या माणसामाणसांतला फरक. सगळ्यांत सारखी असलेली गोष्ट त्याला दिसतच नाही. पेपर लिहिताना "एक्समन१चा परिणाम आढळला नाही" असं वाक्य कृपा करून लिहू नका. "नमुन्यात पुरेसं वैविध्य नव्हतं" हे लिहा.

एमवायबी आणि एचबीएस१एल यांच्यामधल्या भागात ३ बेसची एक डिलीशन आहे. एमवायबीपासून सुमारे ८४ हजार बेसवर. जवळ एचबीएस१एल असला तरी तिथला एन्हान्सर एरिथ्रॉइड पेशीत वळसा घेऊन एमवायबीच्या प्रमोटरला जाऊन भिडतो. एमवायबी कमी पडला की पेशी कमी वेळा विभागतात आणि लवकर पक्व होतात: तांबड्या पेशींची संख्या कमी, आकार मोठा, एफ जास्त. तुमच्याकडे सीबीसीचे (रक्तपेशींच्या मोजणीचे) आकडे असणारच. एफ वाढवणाऱ्या अलीलसोबत एमसीव्ही (तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान) हाही वाढतो का ते पाहा, फक्त हायड्रॉक्सीयुरियावाले वगळून, कारण ते औषध स्वतःच एमसीव्ही वाढवतं. बीसीएल११एच्या जागेवर एमसीव्हीचा असा ठसा उमटत नाही. एकाच एफकडे जाणाऱ्या दोन वाटा अशा वेगळ्या ओळखता येतात, आणि त्याला एक रुपयाही जास्त लागत नाही.

पीईईआरबद्दल: वाढवू नका. सिससाठी (जवळच्या जीनसाठी) १५ ठीक, जीटीईएक्सनेही १५० च्या आतल्या नमुन्यांना तेवढेच घेतले होते. पण सिकलसेलच्या रक्तात पहिले दोन-तीन घटक म्हणजे रेटिक्युलोसाइट आणि न्यूट्रोफिलचं प्रमाणच असतं. एफ जास्त असेल तर पेशी कमी फुटतात, रेटिक्युलोसाइट कमी होतात. म्हणजे जो ट्रान्स परिणाम शोधताय तोच घटकांत शोषला जाऊन वजा होतो. ट्रान्ससाठी मोजलेले सीबीसी आकडे, बॅच आणि तास एवढेच घ्या, आणि सगळा जीनोम चाळण्याऐवजी फक्त बीसीएल११ए, एमवायबी आणि बीटा ग्लोबिनची जागा तपासा. ३ जागा गुणिले १५ हजार जीन्स म्हणजे ४५ हजार चाचण्या, उंबरठा साधारण १० लाखांत एक. सगळा जीनोम घेतलात तर या नमुन्यांत काहीही उरणार नाही. जे सापडेल ते "आजार सौम्य असल्याचा परिणाम" आहे की "जाळ्यातली कडी", हे रक्तातून ठरत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

सार्वजनिक डेटाशी कोलोकलायझेशन (दोन संकेतांमागे एकच फरक आहे का याची तपासणी) करणार असाल तर एक अडचण आहे. साधा कोलोक एका जागेत एकच कारक फरक धरतो. बीसीएल११एच्या एन्हान्सरमध्ये स्वतंत्र संकेत एकाहून जास्त आहेत, त्यामुळे एच४ (कारक फरक एकच) विनाकारण पडतो आणि एच३ (कारक फरक वेगवेगळे) चढतो. कोलोकचं सुझीसकटचं (अनेक संकेत धरणारं) रूप वापरा, आणि त्याला एलडी (कोणते फरक किती एकत्र येतात ते) द्या ती तुमच्याच नमुन्यांची. युरोपातली एलडी इथे लावली तर संभाव्य कारक फरकांचा संच भलत्याच एसएनपीवर जाऊन बसतो.

---

वाघबीळ, घोडबंदर रोड

मधली कडी पाहायची असेल तर एरिथ्रोब्लास्ट वाढवावेच लागतील. अस्थिमज्जा नको, हातातल्या रक्तातल्या सीडी३४ (रक्ताच्या मूळ) पेशी पुरतात. १५ ते २० मिली ताजं रक्त, त्याच दिवशी लॅबमध्ये.

तीन टप्प्यांचं कल्चर. माध्यम आयएमडीएम, त्यात ५ टक्के मानवी प्लाझ्मा, इन्सुलिन मिलीमागे १० मायक्रोग्रॅम, होलो-ट्रान्सफेरिन ३३० मायक्रोग्रॅम, हेपरिन २ युनिट, ईपीओ (तांबड्या पेशी वाढवणारं संप्रेरक) ३ युनिट. पहिले ७ दिवस यात वाढ-घटक एससीएफ १०० नॅनोग्रॅम आणि आयएल३ ५ नॅनोग्रॅम आणि हायड्रोकॉर्टिसोन. ७ व्या दिवशी आयएल३ आणि हायड्रोकॉर्टिसोन बंद. १२ व्या दिवशी एससीएफही बंद, फक्त ईपीओ. आरएनएसाठी ११-१२ वा दिवस. त्यानंतर केंद्रक आकसत जातं आणि ग्लोबिन बाकी सगळं झाकून टाकतं.

चुकतं ते इथे: दिवस मोजून पेशी काढतात, अवस्था मोजत नाहीत. एकाच्या पेशी ११ व्या दिवशी जिथे असतात तिथे दुसऱ्याच्या १३ व्या दिवशी पोचतात, आणि मग जो फरक जनुकाचा वाटतो तो नुसता अवस्थेचा असतो. एमवायबीच्या जागेवर तर हे घातक, कारण तो फरक पक्व होण्याचा वेगच बदलतो. दर खेपेला सीडी७१ आणि सीडी२३५ए या पेशींवरच्या खुणांचा फ्लो करा आणि दोन्ही उजळ असलेल्या पेशी सॉर्ट करून घ्या. एससीएफची नवी बाटली, प्लाझ्माचा नवा दाता आला की बॅच बदलली असं समजा. एका बॅचमध्ये तिन्ही जीनोटाइप मिसळून ठेवा. सॉर्ट केलेल्यांतून ५० हजार पेशी अटॅक-सीकला बाजूला काढल्या तर एन्हान्सर उघडा आहे का तेही त्याच खेपेत दिसेल.

---

पांडवकडा, खारघर

वाघबीळ ताई, हे फार कामाचं आहे. पण पैसा आणि इन्क्युबेटर पाहता फार तर २० जणांचं कल्चर जमेल. २० जणांत ईक्यूटीएल कसा दिसणार? जीजी, जीटी, टीटी असे समान घेऊ का?

---

वाघबीळ, घोडबंदर रोड

समान नको. २० पैकी १६-१७ जीटी घ्या, उरलेले जीजी, तुलनेचा आधार म्हणून.

कारण साध्या हिशेबात आहे. जीटी असलेल्यांच्या एरिथ्रॉइड पेशींत जी बाजूच्या प्रतीतून टी बाजूच्या सुमारे १.७ पट आरएनए निघतो असं २०१३ च्या त्या कामात दिसलं होतं. टी प्रतीला १ धरलं तर जीजी म्हणजे ३.४, जीटी म्हणजे २.७, टीटी म्हणजे २. माणसामाणसांत तुलना केली तर जीजी आणि जीटीत फरक फक्त पाचव्या हिश्शाचा, आणि कल्चरमधली खेपेखेपेची चढउतार त्याहून सहज मोठी. शिवाय टीटी मिळायचेच मोजके: टी चं प्रमाण २० टक्के धरलं तर १४२ मध्ये ६ जण.

याउलट एकाच जीटी माणसाच्या एकाच केंद्रकात दोन्ही प्रती शेजारी चालू असतात. अवस्था तीच, ईपीओ तोच, वाहतुकीचे तास तेच. तिथे १.७ ला १ हा फरक सरळ मोजता येतो.

फक्त एक अट. आरएस१४२७४०७ इंट्रॉनमध्ये आहे, पक्व आरएनएत तो येत नाही. म्हणून त्याच माणसात बीसीएल११एच्या एक्झॉनमध्येही हेटरोझायगस (दोन प्रतींत वेगळा) फरक हवा. चौथ्या एक्झॉनमध्ये अमिनो आम्ल न बदलणारा एक आहे, तो तुमच्या इम्प्युटेशनमध्ये शोधा आणि कल्चर लावायच्या आधी सँगर सीक्वेन्सिंगने खात्री करा. दोन्ही ठिकाणी हेटरोझायगस असलेल्यांचीच यादी करा. मग फेजिंग: एक्झॉनमधलं कोणतं अक्षर टी बाजूचं आहे हे माहीत नसेल तर निकाल उलटा वाचला जाईल.

मोजायला ड्रॉपलेट डिजिटल पीसीआर. सीक्वेन्सिंगनेच करायचं तर त्या एका जागेवर किमान ३० रीड, आणि संदर्भ जीनोमकडे झुकणारे रीड वास्प प्रोग्रॅमने गाळून. दर नमुन्यासोबत त्याच माणसाचा जीनोमिक डीएनएही त्याच प्लेटवर लावा. त्याचं उत्तर १ ला १ आलं पाहिजे. नाही आलं तर प्रायमर एका अलीलला झुकतंमाप देतोय, प्रायमर बदला.

आणि त्याच माणसांच्या बी पेशी वेगळ्या काढून त्यांच्यावरही हीच मोजणी करा. तिथे १ ला १ आणि एरिथ्रोब्लास्टमध्ये १.७ ला १ आलं, तर तुमच्या १४२ जणांच्या सपाट रेघेचं कारण तुमच्याच रुग्णांत दाखवता येईल.

---

पांडवकडा, खारघर

यादी काढली. दोन्ही ठिकाणी हेटरोझायगस २३ जण निघाले, त्यात हायड्रॉक्सीयुरिया न घेणारे ११. औषध घेणारे घेतले तर चालतील का?

---

वाघबीळ, घोडबंदर रोड

अलीलच्या तुलनेसाठी चालतील, औषध दोन्ही प्रतींना सारखंच लागतं. पण सीडी३४ पेशी कमी मिळतील, तेव्हा त्यांचं रक्त २० ऐवजी ३० मिली घ्या, मोठ्यांचंच, आणि हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल तर त्या दिवशी घेऊच नका. आधी औषध न घेणारे ११ लावा.